'करून द्यावे' : एका वीजबिलाच्या निमित्ताने

जून २०२३ मध्ये आमच्या घरी रु. ६,२१० चे वीजबिल आले. घरात माणसे दोन, पंखे तीन, एक जुना फ्रीज आणि रात्री उशिरापर्यंत जळणारा टेबलावरचा दिवा. एरवीचे बिल आठशेच्या आतबाहेर. प्रथम आम्ही जे केले ते सर्वच जण करतात : बिल दोनदा पाहिले, त्यावरचे नाव आपलेच आहे ना याची खात्री केली आणि शेजारी जाऊन त्यांना किती आले ते विचारले.

शेजारी म्हणजे आमच्या वाड्यातली आणखी दोन बिऱ्हाडे. तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकू आणि समोर निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सारी गल्ली गुरुजी म्हणते. तिघांचीही बिले अशीच फुगलेली. तिघांचे मीटर जिन्याखालच्या एकाच बोळकांडीत आहेत आणि त्या बोळकांडीला मालकांनी हिवाळ्यात नवे कुलूप घातले होते. रीडिंग घेणारा मुलगा दर महिन्याला येत होता आणि कुलूप पाहून परत जात होता. हे सारे आम्हांला नंतर कळले. खरे तर आधीच कळायला हवे होते, कारण आधीच्या पाचही बिलांवर मीटर पाहता आला नसल्याची खूण होती आणि युनिटांच्या जागी दर खेपेला सरासरीचा तोच नव्वदचा आकडा छापलेला होता. वर्गात विद्यार्थ्यांना 'संहिता बारकाईने वाचा' असे सांगणाऱ्या आम्ही स्वतःच्या घरी आलेल्या पाच संहिता फक्त शेवटच्या रकमेपुरत्या वाचल्या होत्या. ही कबुली आधीच दिलेली बरी, कारण पुढे जे लिहायचे आहे त्यात इतरांच्या भाषेवर बरेच बोलणे येणार आहे.

वीजबिल हा मराठीतला बहुधा सर्वांत जास्त घरांत पोहोचणारा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा मजकूर असावा. चालू रीडिंग, मागील रीडिंग, गुणक अवयव, समायोजित युनिट, स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, वीज शुल्क, थकबाकी. यांतला 'गुणक अवयव' वाचून काकूंना रुग्णालयाची आठवण झाली, आणि आम्ही हसलो तरी अवयव हा शब्द गणितात कशासाठी येतो हे त्यांना सांगताना आमचीही थोडी तारांबळ उडाली. (मीटरवरचा आकडा कितीने गुणायचा ते सांगणारी ती संख्या. साध्या घरगुती मीटरला ती एक असते, म्हणजे तिच्याकडे दुर्लक्ष केले तरी चालते.) 'थकबाकी' मात्र सर्वांना समजतो. मराठीत माणसाबरोबर पैसाही थकतो.

या मजकुराचा व्याकरणदृष्ट्या सर्वांत ठळक विशेष म्हणजे त्यात कर्ता नाही. आकारणी 'करण्यात आली आहे', रक्कम 'समायोजित करण्यात आली आहे', पुरवठा खंडित 'करण्यात येईल'. कोणी केली, कशावरून केली, याचा पत्ता वाक्यरचनेतच पुसलेला असतो. हा दोष एकट्या वीजबिलाचा नाही, आपली सारी कार्यालयीन मराठी याच वळणाने घडली आहे. पण परिणाम असा होतो की वाचणाऱ्याला ती रक्कम कोणी तरी केलेल्या हिशेबाचे फलित वाटत नाही. पाऊस पडतो तशी ती पडलेली वाटते, आणि पावसाशी कोण वाद घालणार?

हिशेब काय होता ते थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे समजणार नाही. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी आमच्या मीटरचे रीडिंग ८४१७ होते. ३१ मे २०२३ रोजी, म्हणजे कुलूप उघडल्यावर, ते ९०४१ भरले. सहा महिन्यांत ६२४ युनिट, महिन्याला १०४. यात आश्चर्य वाटावे असे काही नाही. तेवढीच वीज आम्ही जाळतो. पण आपल्याकडे घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो : पहिल्या शंभर युनिटांना सर्वांत कमी, मग तीनशेपर्यंत, मग पाचशेपर्यंत आणि पाचशेच्या पुढे सर्वांत जास्त. शेवटच्या टप्प्याचा त्या वर्षीचा दर पहिल्याच्या दुपटीहून बराच अधिक होता. आता हे ६२४ युनिट सहा महिन्यांत वाटले, तर दर महिन्याला शंभर पहिल्या टप्प्यात आणि चार दुसऱ्यात; एकूण सहाशे स्वस्त, चोवीस किंचित महाग. बिलात मात्र ते सारे जणू एकाच मे महिन्यात जळाले असे धरले होते. शंभर पहिल्यात, दोनशे दुसऱ्यात, दोनशे तिसऱ्यात आणि एकशे चोवीस चौथ्यात. आधी भरलेल्या पाच बिलांची रक्कम वजा केली होती, ती बरोबरच होती. रीडिंग बरोबर, वजाबाकी बरोबर, मीटर बरोबर. चूक फक्त एवढीच की सहा महिन्यांच्या काळाचा एक महिना झाला होता. कथनशास्त्राच्या अभ्यासकांना कथेतला काळ आणि कथनातला काळ यांतली तफावत नवी नाही. तिच्यापायी पाच हजार रुपये जाऊ शकतात, हे मात्र आम्हांला नवीन होते.

हे गणित तेव्हा आम्हांला आलेले नव्हते. आम्ही गुरुजींकडे गेलो. गुरुजींनी आयुष्यभर अर्ज शिकवले आहेत आणि लिहिलेही आहेत, तेव्हा तिघांच्या वतीने अर्ज त्यांनीच लिहावा असे ठरले. अर्ज देखणा होता. समास सोडलेला, मायना नेटका, अक्षर मोत्यासारखे. वरील विषयास अनुसरून अर्जदार नम्रपणे विनंती करतात की, अशी सुरुवात. पुढे काकू विधवा आहेत, गुरुजी निवृत्त आहेत, आमची नोकरी तासिका तत्त्वावरची आहे, महागाई वाढली आहे. आणि शेवटी, तरी या बाबींचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन बिल कमी करून द्यावे ही नम्र विनंती, तसदीबद्दल क्षमस्व. आम्ही तिघांनी सह्या केल्या. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

वीज कंपनीच्या कार्यालयातल्या बाईंनी तो अर्ज शांतपणे पूर्ण वाचला, हे नमूद केले पाहिजे. वाचून त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही बिल कमी करून मागितलंय. कमी करून द्यायचा अधिकार इथं कुणालाच नाही, साहेबांनाही नाही. अडचण आहे असं लिहिलंय ना, तर हप्ते पाडून देता येतील." आणि त्यांनी तीन छापील फॉर्म पुढे केले. काकूंनी त्याच दिवशी सही केली आणि पहिला हप्ता भरला. गुरुजींनी सरकारी देणे अंगावर नको म्हणून सारी रक्कम भरून टाकली (कंपनीला ते अजून सरकारच म्हणतात). आम्ही विचार करून सांगतो म्हणालो. हे शहाणपण नव्हते, खिशात पहिल्या हप्त्यापुरतेही पैसे नव्हते.

घरी येऊन तो फॉर्म वाचला. पहिल्याच ओळीत होते : बिलाची रक्कम मला मान्य असून.

त्या बाईंवर आमचा राग नाही. उलट त्या दिवशी त्या कार्यालयात आमचा अर्ज नीट वाचणारी एकमेव व्यक्ती त्या होत्या, आम्हांला धरून. अर्जात सहानुभूती मागितली होती, ती त्यांनी दिली. अडचण सांगितली होती, तिच्यावर त्यांच्या अधिकारात असलेला उपाय त्यांनी सुचवला. हिशेब तपासा असे अर्जात कुठे म्हटलेच नव्हते. बिल चुकले आहे, असेसुद्धा म्हटले नव्हते! ते जास्त आहे एवढेच म्हटले होते, आणि जास्त असणे ही चूक नव्हे.

येथे भाषेच्या विद्यार्थ्यांनी थोडे थांबावे असे आम्हांला वाटते. 'करणे' आणि 'करून देणे' यांत फरक एका सहायक क्रियापदाचा. मराठीत 'देणे' हे असे जोडून आले की ती क्रिया दुसऱ्याच्या हितासाठी, त्याच्यावर उपकार म्हणून केली जात असल्याची छटा येते. आईने भाकरी केली आणि आईने भाकरी करून दिली, यांत फरक आहे. शिंप्याला आपण सदरा 'शिवून द्या' म्हणतो, ते ठीकच, कारण तो आपल्यासाठीच शिवतो आहे. पण चुकलेली बेरीज दुरुस्त करणे हे ती बेरीज करणाऱ्याचे स्वतःचे काम आहे. ते त्याने आपल्याला 'करून द्यावे' अशी विनवणी आपण केली की कामाचे उपकारात रूपांतर झाले, आणि ज्याने उपकार करायचा तो नाही म्हणायलाही मोकळा झाला. कार्यालयात आपण सर्रास असेच बोलतो : दाखला काढून द्या, नाव लावून द्या, बिल कमी करून द्या. 'कमी करून द्यावे' हा माफीचा अर्ज आहे. 'दुरुस्त करावे' हा हिशेबाचा. दोन्ही विध्यर्थच, दोन्ही नम्रच, पण त्यांचे उत्तर देणारी टेबले वेगळी.

गुरुजींना आम्ही हे बोलून दाखवले तेव्हा ते दुखावले. त्यांचे म्हणणे असे की समोरचाही माणूस आहे, नम्रतेने कामे होतात, कायद्याची भाषा वापरली की तो फाइल खाली ठेवतो. या म्हणण्यात त्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव आहे आणि तो उडवून लावण्याची आमची छाती नाही. नम्रता असावी. फक्त ती मायन्यात आणि समारोपात असावी, क्रियापदात नसावी, एवढाच आमचा आग्रह.

शिवाय ही विनवणी आपल्या परंपरेतच आहे असे जे मानले जाते, तेही तपासून पाहण्यासारखे आहे. 'विनंती' या शब्दाची व्युत्पत्ती 'विज्ञप्ति' अशी सांगितली जाते, म्हणजे जाणवून देणे, कळवणे. पेशवेकालीन पत्रांत मायन्यानंतर 'विज्ञापना' येते आणि मग मजकूर, तो बहुधा अगदी रोखठोक : अमुक रक्कम पोहोचली, तमुक बाकी आहे, स्वार आला, घोडे मेले. धन्याला लिहिलेल्या त्या पत्रांत दैन्य नाही असे नाही, पण वस्तुस्थिती कळवणे हे त्यांचे पहिले काम. 'तक्रार' अरबीतून आला आहे आणि तिकडे त्याचा अर्थ पुनरावृत्ती. तेच ते पुन्हा सांगणे. कोणत्याही कार्यालयात चार खेटे घातलेल्या माणसाला ही व्युत्पत्ती समजावून सांगावी लागणार नाही. आणि 'गाऱ्हाणे'! कोकणात ग्रामदैवतापुढे गाऱ्हाणे घालतात, एक जण बोलतो आणि जमलेले सारे 'व्हय म्हाराजा' म्हणत त्याला साथ देतात. वीजग्राहकांसाठी कायद्याने जो मंच नेमायला लावला त्याला मराठीत 'ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच' असेही नाव मिळाले, ते देणाऱ्याच्या मनात हे होते की नाही कोण जाणे. पण देवाशीसुद्धा आपले संत नुसते विनवत बसलेले नाहीत. तुकोबांच्या भांडणाच्या अभंगांत देवाकडे केलेली मागणी अनेकदा येणेकऱ्याची आहे, याचकाची नाही, आणि हा कवी पिढीजात सावकारी पाहिलेल्या घरातला होता हे आपण विसरतो.

हिशेब मागण्याचा आपला आधुनिक इतिहास मात्र याहून कडवट आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि बघता बघता हे लोण पुणे-नगर भागात पसरले. दख्खनचे दंगे म्हणून ते शाळेच्या पुस्तकात येतात. त्यांतली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की त्या शेतकऱ्यांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. खते, रोखे, हुकूमनामे मागून घ्यायचे आणि जाळायचे. वाचता न येणाऱ्याने न वाचता आलेल्या मजकुराशी घातलेला तो वाद होता. कागदावरची रक्कम कशी झाली हे विचारण्याची सोय नव्हती, कारण अंगठा उठला की न्यायालयही त्या खतालाच प्रमाण मानत असे. चार वर्षांनी, १८७९ साली, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला त्याने न्यायालयाला खताच्या मागे जाण्याची मुभा दिली : मुद्दल किती, व्याज किती, व्यवहार सुरू कधी झाला, हे मुळापासून तपासा. सावकाराने पावती द्यावी, हिशेबाचा वार्षिक उतारा द्यावा, अशाही तरतुदी त्यात होत्या. जोतीरावांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा. कागद लिहिणारा आणि कागदाखाली भरडला जाणारा यांच्यामधली दरी किती खोल होती, ते त्यात पाहावे. सावकाराचे खत आणि वीजबिल एकच, असे आम्ही म्हणत नाही, तसे म्हणणे त्या शेतकऱ्यांचा अपमान ठरेल. पण छापील रकमेच्या मागे जाण्याचा अधिकार या प्रदेशात फुकट मिळालेला नाही, एवढे हप्त्याच्या फॉर्मवर सही करण्यापूर्वी आठवायला हरकत नाही.

आजचा अधिकार विद्युत अधिनियम, २००३ मध्ये आहे. त्याचे कलम ५६ आम्ही त्या आठवड्यात पहिल्यांदा वाचले आणि, खरे सांगतो, एखादी चांगली कविता वाचावी तसे पुन्हा पुन्हा वाचले. थकबाकीसाठी वीज तोडायची तर आधी पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस हवी. आणि ग्राहकाला बिल मान्य नसेल तर त्याने हरकत राखून दोनपैकी कमी असेल ती रक्कम भरावी : एक तर मागितलेली पूर्ण रक्कम, नाही तर मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या बिलांच्या सरासरीने येणारी. तेवढे केले की वादाचा निकाल लागेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. पैसे भरणे आणि रक्कम मान्य करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे कायद्याने येथे ओळखले आहे. गुरुजींनी रक्कम भरली, काकूंनी मान्य केली, आणि दोघांनाही आपण एकच गोष्ट करतो आहोत असे वाटले. याच कलमाच्या दुसऱ्या भागात दोन वर्षांची मुदत आहे. जुनी रक्कम सतत थकबाकी म्हणून दाखवत आणली नसेल तर ती दोन वर्षांनंतर या मार्गाने वसूल होत नाही. (चुकून कमी आकारलेली रक्कम कंपनी मुदतीनंतरही मागू शकते, पण तिच्यासाठी वीज तोडू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये सांगितले आहे.) कंपनीच्या कार्यालयाने ऐकले नाही तर वर सांगितलेला मंच, आणि मंचाचा निर्णय पटला नाही तर साठ दिवसांत विद्युत लोकपाल, अशी पुढची पायरी. आम्हांला तिथवर जावे लागले नाही.

दुसरा अर्ज आम्ही लिहिला. त्याच्या भाषेत सांगण्यासारखे काही नाही. विषय : मे २०२३ च्या बिलातील टप्पेनिहाय आकारणी दुरुस्त करण्याबाबत. खाली दोन तारखा, दोन रीडिंग, त्यांच्यातले महिने. मग दोन स्तंभांचा तक्ता : कंपनीने धरलेले टप्पे आणि सहा महिन्यांत वाटले तर येणारे टप्पे. सोबत मीटरचे छायाचित्र आणि आधीची पाच बिले. शेवटी, दुरुस्त बिल द्यावे, दुरुस्ती नाकारायची झाल्यास कारण लेखी कळवावे, आणि तोवर कलम ५६ प्रमाणे हरकत राखून रु. ७४० भरत आहोत. अर्धे पानही भरले नाही. महागाई, नोकरी, प्रकृती यांचा उल्लेख नव्हता. आवक क्रमांक घालून पोच घेतली.

त्याच बाई होत्या. त्यांनी विचारले, "मीटरवर शंका आहे का?" आम्ही नाही म्हणालो, आणि त्या उत्तराने काम किती सोपे झाले ते नंतर कळले. बिलाविरुद्धची हरकत तीन प्रकारची असू शकते : आकडा चुकीचा वाचला, आकडा बरोबर पण आकारणी चुकली, किंवा मीटरच चुकतो आहे. लोक तिन्ही एकत्र करतात आणि 'मीटर फास्ट आहे' एवढे एकच वाक्य म्हणतात. मग मीटर तपासणीचा अर्ज, तिचे शुल्क, ॲक्युचेक घेऊन येणारा माणूस, आणि मीटर बरोबर निघाला की सारी तक्रारच निकाली. मीटरवर खरोखर शंका असेल तर आधी घरातली सगळी बटणे, फ्रीजसुद्धा, बंद करून मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतो का ते पाहावे. लुकलुकत असेल तर गळती आहे, चुकीची जोडणी आहे किंवा मीटर बिघडला आहे. शंका जिथे आहे तिथेच बोट ठेवणे, हे समीक्षेत जेवढे आवश्यक तेवढेच येथेही.

बाईंनी आमच्या खात्याचा उतारा काढला, त्याला तिथे सगळे सीपीएल म्हणतात, आणि आमच्या तक्त्याशेजारी ठेवून पाहिला. सत्ताविसाव्या दिवशी दुरुस्त बिल आले. रु. १,४३०. त्यांतून भरलेले ७४० वजा.

हे वाचून प्रत्येक मोठे बिल चुकीचेच असते असा ग्रह कोणी करून घेऊ नये. २०२० च्या टाळेबंदीत २३ मार्चपासून राज्यात मीटरवाचन थांबले आणि एप्रिल-मेची बिले हिवाळ्यातल्या वापराच्या सरासरीने गेली. जूनमध्ये प्रत्यक्ष रीडिंग झाले तेव्हा उन्हाळा, घरात दिवसभर असलेली माणसे आणि एप्रिलपासूनचे नवे दर, असे सारे एकदम बिलात उतरले. लोक रस्त्यावर आले. टप्प्यांचा लाभ महिन्यांनुसार विभागून दिला आहे, हे वीज कंपन्या परोपरीने सांगत होत्या, आणि पुष्कळ बिलांत तो दिलेलाही होता. सवलतीची चर्चा दिवाळीपर्यंत चालली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये बिले भरावीच लागतील असे सरकारकडून सांगण्यात आले. आम्हांला त्या साऱ्या वादात खटकले ते असे की 'हिशेब चुकला आहे' आणि 'हिशेब बरोबर असला तरी भरायला पैसे नाहीत' ही दोन विधाने एकाच घोषणेत कोंबली गेली. दुसरे विधान खोटे नव्हते. ज्यांची मजुरी तीन महिने बंद होती त्यांनी माफी मागण्यात कमीपणा नव्हता, आणि ती देणे न देणे हा राजकीय निर्णय होता. पण तिच्यात पहिले विधान बुडाले. हिशेब बरोबर असल्याचे पत्रक काढले की पैसे नसलेल्यांनाही उत्तर मिळाले असे मानले गेले, आणि सवलत नाकारली की ज्यांचे हिशेब खरोखर चुकले होते त्यांचीही तोंडे बंद झाली.

आता आमच्या व्यवसायाकडे येतो. मराठी विभागांत 'उपयोजित मराठी' हा विषय अजूनही कोणाच्या तरी माथी मारायचा विषय आहे. ज्येष्ठांनी कविता आणि समीक्षा शिकवायची, नव्याने लागलेल्याने पत्रलेखन आणि अहवाल. शाळेत तर मायना, विषय, समारोप यांना गुण ठरलेले, म्हणून विद्यार्थी सांगाडा पाठ करतो आणि आत सहानुभूती भरतो. त्याला कल्पनेतल्या वाचनालयाकडून कल्पनेतली पुस्तके मागायला आपण शिकवतो. खरे बिल वर्गात आणून त्यातली एक ओळ कशी आली ते शोधा, असे सांगितल्याचे आम्हांला तरी आठवत नाही, आम्ही स्वतः सांगितलेले नाही. साहित्याच्या अभ्यासकाला शोभणारे हे काम नाही असे ज्यांना वाटते त्यांना आम्ही एवढेच विचारू की निवेदक कोण, काळ कोणता, कर्ता कुठे दडवला आहे, हे प्रश्न आपण कादंबरीला विचारतो, तर ज्या मजकुरावर घरातला दिवा अवलंबून आहे त्याला ते का विचारू नयेत? आणि हे प्रश्न विचारण्याचे शिक्षण ज्यांना मिळाले नाही, त्यांच्यासाठी आपण अर्ज लिहून 'देतो', तेव्हा तोच उपकाराचा धागा आपणही पुढे ओढत असतो.

काकूंच्या बाबतीत आम्ही नेमके हेच केले. आमचे काम झाल्यावर त्यांच्यासाठी अर्ज लिहून नेला. त्या तोवर दोन हप्ते भरून बसल्या होत्या आणि फॉर्मवर 'मान्य' म्हणून सहीही होती, तेव्हा प्रकरण थोडे नाजूक होते. मान्यता हप्त्यांना होती, चुकीच्या आकारणीला नव्हती, असा मुद्दा आम्ही मांडला होता, आणि जोडीला, सवयीने म्हणा, गुरुजींच्या अर्जातली ती ओळही आली होती : अर्जदार विधवा असून. काकूंनी चष्मा लावून अर्ज सावकाश वाचला. मग पेन मागितले आणि त्या ओळीवर काट मारली. "हे कशाला पाहिजे? युनिटं तर मोजून दिलीत ना तुम्ही." आम्ही पान पुन्हा लिहायला घेतले तेव्हा त्या म्हणाल्या, आकडे सांगा, मी लिहिते. तक्ता त्यांनी मोजपट्टीने आखला, ब्लाउजच्या मापांच्या वहीत आखतात तसा.

त्यांचे दुरुस्त बिल यायला ऑक्टोबर उजाडला. मध्ये दोनदा जाऊन यावे लागले, एकदा तर अर्जच सापडत नव्हता आणि पोच दाखवल्यावर सापडला. गुरुजींनी अर्ज केला नाही. भरले ते भरले म्हणाले. काकूंनी भरलेले हप्ते दुरुस्त रकमेपेक्षा जास्त झाले होते, म्हणून पुढचे दोन महिने त्यांच्या बिलावर देय रकमेच्या जागी आकड्याआधी एक छोटी आडवी रेघ छापून येत होती. पहिल्या महिन्यात ते बिल घेऊन त्या वर आल्या आणि ही रेघ कशाची, म्हणून विचारू लागल्या.